संकासुराचा पुढचा भाग



आपल्या सिंधुदुर्गात कुठलंही कार्य गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. गाऱ्हाणं घालणारा देवापुढे जे मागेल त्याला जमलेल्यांनी 'व्हय महाराजा' म्हणायचं असतं. व्याख्यात्याला ही सोय नाही. त्याला एकेका वाक्यासाठी तुमचा होकार मिळवावा लागतो. त्यातून आजचा विषय असा, की स्मृतिव्याख्यानाच्या व्यासपीठावरून तो ऐकायची कुणाला सवय नसावी. राक्षस आहेत, चेटकिणी आहेत, उडते घोडे आहेत, पानोपानी लढाया आहेत आणि एवढं सगळं चालू असताना वाचक हसून बेजार होतो आहे, अशा कादंबऱ्या. पुन्हा एकीवर भागत नाही. दुसरा भाग, तिसरा भाग, सातवा भाग. अशा पुस्तकांबद्दल सुशिक्षित मराठी माणसाचं मत ठरलेलं असतं. मुलांनी वाचावीत, मोठ्यांनी वाचलीच तर कव्हर घालून वाचावीत. का, म्हणून विचारलं तर उत्तर येतं की अद्भुत म्हणजे पोरकट, त्यात विनोद आला की त्याची उरलीसुरली अब्रूही गेली, आणि पुढचा भाग म्हणजे तर उघड उघड धंदा. माझं म्हणणं असं आहे की ज्या गोष्टींसाठी आपण या पुस्तकांना नावं ठेवतो, त्या हसण्यावर, त्या हाणामारीवर आणि त्या पुढच्या भागावरच हा प्रकार उभा आहे. आणि यातलं काहीही मराठी वाचकाला परदेशातून मागवावं लागलेलं नाही. ते त्याच्या देवघरात होतं आणि त्याच्या जत्रेत होतं. पुरावा द्यायला मी फार लांब जाणार नाही. निदान सुरुवातीला तरी नाही.

दिवाळी होते, भात झोडून घरात येतं आणि गावोगावच्या जत्रा सुरू होतात. रात्री देवाची पालखी देवळाभोवती फिरली की दशावतार उभा राहतो. मुख्य आख्यानाच्या आधी आड दशावतार. गणपती येतो, सरस्वती येते, ब्रह्मदेव येतो, आणि मग वेद चोरणारा संकासूर. त्याला जरा जवळून बघा. अंगभर काळे कपडे, डोक्यावरून तोंडावर ओढलेला काळा बुरखा आणि त्यातून बाहेर लोंबणारी लाल जीभ. पुराणातला शंखासुर एवढा भयंकर, की त्याच्या पारिपत्यासाठी विष्णूला मासा व्हावं लागलं. आणि आपला संकासूर रंगमंचावर येऊन काय करतो? मालवणी बोलतो. पायपेटीवर बसलेल्या नाइकाशी हुज्जत घालतो, पुढच्या रांगेतल्या पुढाऱ्याची हजेरी घेतो, गावातल्या ताज्या भानगडीवर टोला हाणतो. मूल आधी आईच्या पदराआड दडतं आणि तिथूनच खुदकन हसतं. भीती कुठे संपली आणि हसू कुठे सुरू झालं, हे त्या मुलाला सांगता येणार नाही, कारण दोन्ही एकाच बुरख्यात शिवलेली आहेत. देव आणि राजे इथे पुस्तकी, भारदस्त मराठी बोलतात. असुर आपल्या गावची बोली बोलतो. ही विभागणी कुणा समीक्षकाने ठरवलेली नाही. दशावतारी नटांपुढे लिहिलेली संहिता नसते, संवाद तिथल्या तिथे रचायचे असतात, आणि शेकडो रात्रींच्या अनुभवातून त्यांना कळलेलं आहे की अद्भुताला गाव लागतं. आकाशातून आलेला दैत्य आपल्या वाडीतल्या माणसासारखा बोलला की तो हलका होत नाही. उलट तो आता आपल्या अंगणापर्यंत येऊ शकतो, म्हणून जास्त खरा वाटतो.

विनोदाने अद्भुताची प्रतिष्ठा जाते, या आक्षेपाचं उत्तर मला इथे सापडतं. ज्या अद्भुतात कुणी कधी हसत नाही त्या अद्भुतावर विश्वास ठेवण्याची सक्ती असते. सगळे गंभीर, सगळे पल्लेदार, आणि वाचकाने मान खाली घालून ऐकायचं. विनोद आला की वाचकाला शंका घेण्याची मुभा मिळते: घोडा उडतो म्हणता, मग त्याची लीद कुठे पडते? हा प्रश्न जो लेखक स्वतःच विचारतो आणि त्याचं चोख उत्तर देतो, त्याच्या घोड्यावर आपण बसतो. हसवणाऱ्या अद्भुत कादंबरीची खरी मेहनत या असल्या प्रश्नांत असते. चमत्कार कुणालाही करता येतात; चमत्काराची व्यवस्था लावणं अवघड.

आता जत्रेतून देवघरात येऊ. शके १७४१ मध्ये, म्हणजे १८१९ साली, धुंडीसुत मालू याने 'नवनाथ भक्तिसार' ही ४० अध्यायांची पोथी पुरी केली. श्रावणात ती अजून घराघरांत लावली जाते. भक्तिभावाने लावली जाते, हे मान्यच आहे. पण क्षणभर भक्तिभाव बाजूच्या पाटावर ठेवून तिच्याकडे नुसती गोष्ट म्हणून बघा. फिरता फिरता मच्छिंद्रनाथ रात्री एका देवळात निजतो. मध्यरात्री पलिते दिसू लागतात. भुतांचा मेळा निघालेला असतो. नाथ स्पर्शास्त्राची योजना करतो आणि सगळी भुतं जागच्या जागी जमिनीला चिकटतात. त्यांना वेताळाकडे हजेरीला जायचं आहे आणि पाय सुटत नाहीत. तिकडे वेताळ खोळंबलेला. आपली मंडळी का आली नाहीत, म्हणून तो चौकशीला आणखी भुतं धाडतो. श्रोतेहो, यात भय आहे का? आहे. पण सरकारी कचेरीत ज्यांनी हजेरीपट बघितला असेल त्यांना या प्रसंगात आणखीही काही दिसेल. पुढे स्वतः वेताळ फौज घेऊन येतो आणि मोठी लढाई जुंपते. त्याही पुढे हाच मच्छिंद्रनाथ आपल्या कुडाळ प्रांतातल्या अडूळ गावी येतो आणि गावाबाहेरच्या देवळातल्या महाकालिकेशीच त्याची अस्त्रांची झुंज लागते. शेवटी ती सोडवायला शंकराला यावं लागतं. अस्त्र सुटलं की त्याला तोडीचं अस्त्र, त्यावर तिसरं. आजचा मुलगा ज्याला 'ॲक्शन' म्हणतो ती याहून वेगळी काय असते?

आणि पुढचा भाग? तो तर या पोथीच्या रचनेतच आहे. मच्छिंद्राची गोष्ट रंगात आलेली असताना गोरक्ष येतो. शिष्याचा पराक्रम सुरू होतो आणि गुरू अडचणीत सापडतो. स्त्रीराज्यात राणीच्या संसारात रमलेल्या मच्छिंद्राला सोडवायला गोरक्ष कलिंगा नावाच्या कलावंतिणीच्या ताफ्यातून दरबारात शिरतो आणि त्याच्या मृदंगातून गुरूला हाक ऐकू येते. काय प्रसंग आहे पाहा. जोगी नाचगाण्याच्या ताफ्यात, वाद्य मनुष्यवाणीने बोलतंय आणि आतला गुरू ओळख पटली म्हणून दचकलाय. मग जालंदर, मग कानिफा, मग चरपटी. एकाची कथा दुसऱ्याच्या कथेत पाय अडकवून उभी. आपल्या जुन्या पोथ्यांची आणखी एक लकब आठवा. अध्याय सुरू होताना मागल्या अध्यायी काय झालं ते थोडक्यात सांगून मगच पुढे जायचं. काल जो आला नव्हता त्याची ही सोय. मालिका-कादंबरी लिहिणाऱ्या जगातल्या प्रत्येक लेखकाला हा प्रश्न पडतो की नव्या वाचकाला मागचं कसं सांगू आणि जुन्याला कंटाळा कसा येऊ देऊ नको. आपल्या पोथीकारांनी तो चार ओव्यांत सोडवून ठेवलेला होता.

तुम्ही म्हणाल, पोथी पुण्यासाठी ऐकतात, करमणुकीसाठी नाही. कुठल्या अध्यायाच्या वाचनाने कुठली पीडा टळते तेही तिच्यातच सांगितलेलं आहे. बरोबर. पण पुण्य हवं म्हणून ऐकायला बसलेला माणूस भुतं चिकटल्यावर हसतच नाही, असं थोडंच आहे? करमणूक आणि श्रद्धा यांचे दोन वेगळे कप्पे आपल्याकडे फार उशिरा झाले. ते केव्हा झाले, हे बघण्यासारखं आहे, कारण आपल्या आजच्या संकोचाचं मूळ तिथे आहे.

मराठी कादंबरीची सुरुवात दोन तोंडांनी झाली. १८५७ साली बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' आलं. त्याचा विषय हिंदू विधवांची स्थिती. १८६१ साली लक्ष्मणशास्त्री हळब्यांची 'मुक्तामाला' आली. तिचा मार्ग रम्याद्भुताचा. त्याच दशकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतल्या सुरस आणि चमत्कारिक गोष्टी मराठीत आणायला घेतल्या, आणि दशक संपता संपता नारो सदाशिव रिसबुडांची 'मंजुघोषा' आली. या रिसबुडांनी प्रस्तावनेत जे म्हटलं आहे ते मोठं मासलेवाईक आहे. त्यांचा आशय असा, की आपल्या लोकांच्या लग्नाच्या चालीरीतींमुळे आणि इतर कारणांमुळे आयुष्यात सांगण्यासारखं काही घडतच नाही. रोजचं जसंच्या तसं लिहिलं तर कुणाचं मन रमणार नाही. तेव्हा मनोरंजन करायचं तर अद्भुताकडे वळणं भाग आहे. म्हणजे मराठीतल्या अद्भुत कादंबरीचा पहिला वकील न्यायालयात उभा राहिला तो माफीनामा घेऊनच. आमच्याकडे सोनं नाही, म्हणून बेगड आणलं आहे, असा त्याचा सूर. आणि १८९० साली हरि नारायण आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो?' प्रसिद्ध करायला घेतली तेव्हा लोकांना दिसलं की त्याच लग्नाच्या चालीरीतींत, त्याच माजघरात, काळीज चिरणारी कादंबरी दडलेली होती. रिसबुडांची सबब खोटी पडली. पण गंमत अशी की सबब खोटी पडल्याबरोबर आपण अशिलालाच दोषी ठरवलं. सोनं सापडलं, आता बेगड कशाला?

हरिभाऊंचं मोठेपण कमी करण्याचा प्रश्नच नाही. त्यांनी कादंबरीला एक कर्तव्य दिलं आणि त्या काळाला ते कर्तव्य हवंच होतं. मात्र त्या दिवसापासून कर्तव्य न करणारी कादंबरी ही उनाड ठरली. नाथमाधवांचं 'वीरधवल' लोकांनी झोप मोडून वाचलं, गो. ना. दातारांच्या कादंबऱ्यांची पानं वाचनालयांत सुटी होईपर्यंत फिरली, बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या, आणि वाङ्मयाच्या इतिहासात या सगळ्यांच्या वाट्याला परिच्छेद किती आले? नाथमाधव, म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे, ऐन विशीत सिंहगडाच्या कड्यावरून पडून कमरेखाली लुळे झाले. पुढचं सगळं लेखन त्यांनी जागच्या जागी बसून केलं. दौडणारे घोडे आणि भुयारं लिहिणाऱ्या माणसाला स्वतःला चालता येत नव्हतं. अद्भुताला पळवाट म्हणणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

बरं, आपण ज्या शब्दाच्या नावाने ही सगळी न्यायनिवाड्याची भाषा करतो तो 'कादंबरी' शब्द आला कुठून? बंगालीने, हिंदीने 'उपन्यास' घेतला. मराठीने आणि कानडीने सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या एका ग्रंथाचंच नाव या सबंध प्रकाराला देऊन टाकलं. काय आहे त्या ग्रंथात? एक पोपट आहे, तो राजाच्या दरबारात येऊन गोष्ट सांगतो. त्या गोष्टीत ऋषी गोष्ट सांगतो. शाप आहेत, तीन तीन जन्म आहेत, चंद्र माणूस होऊन प्रेमात पडतो, आणि इंद्रायुध नावाचा घोडा सरोवरात उडी घेतो तो शाप सुटून ऋषिकुमार होऊन वर येतो. ज्याला आपण वास्तवाची कसोटी लावतो त्या प्रकाराच्या दारावरची पाटी अशी आहे. आणि पुढचा भाग म्हणाल, तर बाणभट्ट ही कथा अर्धी टाकून वारला आणि उत्तरभाग त्याच्या मुलाने लिहिला. असंच सुमारे बाराशे वर्षांनी हिंदीत झालं, हा योगायोग मला विलक्षण वाटतो. देवकीनंदन खत्रींनी 'चंद्रकांता' लिहिली, मग २४ भागांची 'चंद्रकांता संतति' लिहिली, मग 'भूतनाथ' सुरू केली आणि ती अपुरी ठेवून गेले. पुरी केली ती मुलाने, दुर्गाप्रसादांनी. ती ऐयारांची म्हणजे बहुरूपी हेरांची, आणि तिलिस्मांची म्हणजे जादुई भुलभुलैयांची पुस्तकं वाचता यावीत म्हणून लोक हिंदी शिकले, असं म्हणतात. गोष्ट बापाच्या हातून मुलाच्या हातात जाते, हा धंदा झाला का? झाला असेल. शेतीही तशीच जाते.

इथे एक अडचण प्रामाणिकपणे मांडायला हवी. संकासूर बघायचा असतो, पोथी ऐकायची असते. कादंबरी एकट्याने, मुकाट्याने वाचायची असते. तिथे मृदंग नाही, झांज नाही, शेजारी हसणारा माणूस नाही. मग जत्रेचा पुरावा पुस्तकाला कसा लागू पडेल? अडचण खरी आहे, आणि तिचं उत्तर प्रत्यक्ष वाक्यात शोधावं लागतं. दशावतारातली लढाई आठवा. लाकडी बाकाभोवती दोन पात्रं गिरक्या घेतात, तलवारीला तलवार लागते, मृदंगाची लय चढत जाते, आणि ऐन रंगात एकजण थांबून एक वाक्य टाकतो. हशा. पुन्हा लय. लिहिलेल्या लढाईत हे सगळं वाक्याच्या लांबीने करावं लागतं. वाक्यं आखूड होत जातात, क्रियापदं पुढे सरकतात, आणि नेमक्या जागी एक लांब, संथ, अजागळ वाक्य येतं आणि वाचक फसकन हसतो. हे कसब कवितेहून सोपं आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी एक पान लिहून पाहावं.

इंग्रज लेखक टेरी प्रॅचेट यात उस्ताद होता. १९८३ पासून २०१५ पर्यंत त्याच्या 'डिस्कवर्ल्ड' मालिकेच्या ४१ कादंबऱ्या निघाल्या. त्याचं जग ताटासारखं सपाट आहे. ते चार हत्तींच्या पाठीवर आणि ते हत्ती एका कासवाच्या पाठीवर. आपल्याला हसू येतं ते ओळखीचं: कूर्म आणि दिग्गज आपल्याच घरचे. हा लेखक ऐन गोष्टीत तळटीप टाकतो आणि वाचकाशी परस्पर गप्पा मारतो, अगदी संकासूर आख्यान सोडून पुढच्या रांगेशी बोलतो तसा. त्याच्या जगात मृत्यू हे एक पात्र आहे, बिंकी नावाच्या घोड्यावरून फिरणारं, आणि त्याचं बोलणं सगळंच्या सगळं मोठ्या लिपीत छापलेलं असतं. आता देवनागरीला मोठी लिपी नाही. मराठी अनुवादकाने काय करावं? ठळक छापावं? मला विचाराल तर त्याच्या तोंडी दशावतारी राजाची भारदस्त मराठी घालावी आणि बाकी सगळ्यांना आपापल्या बोलीत बोलू द्यावं. आपल्याकडे लिपी नाही, पण बोलींचा जिना आहे, आणि त्यावरून वरखाली करण्यात मराठी विनोद फार जुन्या काळापासून तरबेज आहे. गंगाराम गवाणकरांच्या 'वस्त्रहरण'चे पाच हजारांहून जास्त प्रयोग झाले ते कशावर? महाभारत मालवणीत शिरलं आणि धोतर सावरत बाहेर आलं, त्यावरच.

आता पुढच्या भागाविषयीचा आक्षेप. पहिला भाग लेखक लिहितो, दुसरा प्रकाशक लिहून घेतो, असं म्हणतात. पुष्कळदा ते खरंच असतं. पहिल्या भागातला राक्षस दहा हात उंच, दुसऱ्यात वीस हात, तिसऱ्यात पर्वताएवढा. नायकाचं मन मात्र होतं तेवढंच. अशा पुस्तकांची वकिली मी करणार नाही. आपल्याकडे दशावतारात 'ट्रिकसीन' आले, धूर आला, दिव्यांचा झगमगाट आला, आणि काही ठिकाणी बोलणंच त्यात गुदमरलं. तोच हा रोग. पण रोग आहे म्हणून शरीरच टाकून द्यायचं नसतं. जगातली पहिली थोर आधुनिक कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती 'डॉन किहोते' काय आहे? अद्भुत कादंबऱ्या वाचून डोकं फिरलेल्या माणसाची विनोदी कथा, पानोपानी मारामारी. पहिला भाग १६०५ चा. तो इतका गाजला की १६१४ मध्ये दुसऱ्याच कुणीतरी टोपण नावाने त्याचा पुढचा भाग छापून टाकला. मूळ लेखक सर्व्हांतेस संतापला आणि १६१५ मध्ये त्याने स्वतःचा दुसरा भाग काढला. त्यात गंमत बघा. या भागातल्या पात्रांनी पहिला भाग वाचलेला आहे! ती डॉन किहोतेला ओळखतात, त्याची फिरकी घेतात. तोतया पुस्तकात नायक झारागोझाला गेला होता, तेव्हा हा खरा नायक हट्टाने तिकडे न जाता बार्सिलोनाला जातो. आणि पुन्हा कुणी तोतयेगिरी करू नये म्हणून शेवटी लेखक त्याला मारून टाकतो. हा दुसरा भाग पहिल्याहून सरस आहे, असं मानणारे जाणकार थोडे नाहीत. पहिल्या भागात माणूस जगाला फसतो. दुसऱ्यात जग त्याला वाचून बसलेलं असतं. हे पहिल्या भागात लिहिता येणं शक्यच नव्हतं. पुढचा भाग हवाच होता.

आणि संकासूर? विष्णू येतो, झटापट होते, संकासूर मरतो, वेद परत मिळतात. दुसऱ्या रात्री तीच कंपनी दुसऱ्या गावच्या जत्रेत, आणि तिथे वेद पुन्हा चोरीला गेलेले. एखाद्या शहाण्याने विचारावं की काल मेला होता ना? हा प्रश्न इथे कुणीच विचारत नाही, कारण असुर कायमचा मरत नाही हे इथल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. अवर्षण, सावकार, आगबोटीचं आणि नंतर रेल्वेचं तिकीट, मुंबईच्या गिरणीचं टाळं. एकाला निस्तरलं की दुसरं उभं. एका पुस्तकात संपणारी गोष्ट ही सुखवस्तू माणसाची कल्पना आहे. राक्षस एकदाच मारला आणि 'ते सुखाने नांदू लागले', यावर विश्वास ठेवायला फार मोठा पलायनवादी असावं लागतं. सातव्या भागाची वाट बघणारा त्या मानाने बराच व्यवहारी म्हणायचा.

पलायनवादाचा आरोप त्यामुळे मला नेमका उलटा वाटतो. अद्भुताच्या नावाखाली प्रॅचेटने काय लिहिलं? बंद पडलेलं टपालखातं एका अट्टल भामट्याच्या गळ्यात मारलं जातं आणि तो ते चालू करून दाखवतो, याची कादंबरी. टांकसाळीची आणि बँकेची कादंबरी. छापखान्याची, वर्तमानपत्राची कादंबरी. राक्षस, बुटके, चेटक्या या सगळ्यांना पगार मिळतो, त्यांच्या संघटना होतात, त्यांच्यात जातीसारख्या अढ्या असतात आणि त्या सुटताना किती त्रास होतो ते दिसतं. आपल्या किती वास्तववादी कादंबऱ्यांत टपालखातं चालतं कसं, हे आलं आहे? रोजचं इतकं रोजचं असतं की दिसेनासं होतं. मग त्यात एक चेटकीण आणून बसवावी लागते. रिसबुडांना वाटलं की आपल्या आयुष्यात सांगण्यासारखं काही नाही म्हणून अद्भुत हवं. सांगण्यासारखं पुष्कळ होतं. ते दिसावं म्हणून अद्भुत हवं होतं.

आपल्याच शेजारच्या देवगड तालुक्यात, धालवलीला, १९१८ साली विंदा करंदीकर जन्मले. ॲरिस्टॉटलचं काव्यशास्त्र त्यांनी मराठीत आणलं, 'अमृतानुभव' आजच्या मराठीत आणला, ज्ञानपीठ मिळवलं. आणि १९६३ मध्ये 'एटू लोकांचा देश' लिहिला: उलट्या तर्काने चालणारा, खो खो हसवणारा एक अख्खा देश. हे बालगीतांचं पुस्तक म्हणून कपाटात खालच्या फळीवर गेलं. रत्नाकर मतकरींची 'अलबत्या गलबत्या'मधली चेटकीण बालनाट्यात गेली. तिला बघायला मुलांना घेऊन आलेले आईबाप मुलांपेक्षा मोठ्याने हसत असतात हा भाग वेगळा. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला, फास्टर फेणेला २० पुस्तकांत धावायला लावलं, तेही बालवाङ्मय. म्हणजे हे लिहिणारे आपल्याकडे नव्हते असं नाही. आपण त्यांना वयाची अट घातली. चौदा वर्षांचा झाला की मराठी वाचकाने संकासुराला नमस्कार करून गंभीर व्हावं. मग तो काय करतो? ज्याला गंभीर व्हायचं नसतं तो इंग्रजीकडे जातो, तिथे त्याला चाळिशीपर्यंत पुरेल एवढं अद्भुत मिळतं, आणि आपण परिषदांतून विचारत बसतो की तरुण मराठी का वाचत नाहीत. 'हॅरी पॉटर' मराठीत आलं, चांगलं झालं. पण ते वाचून झालेल्या मराठी मुलाने देवघेवीच्या खिडकीवर 'यापुढचं काय?' असं विचारल्यावर ग्रंथपालाने कुठल्या कपाटाकडे बोट दाखवावं?

एक शेवटची शंका ग्रंथालयाच्या बाजूने येईल, आणि ती रास्त आहे. मालिका घेतली की पहिला भाग कायम बाहेर गेलेला असतो, दुसरा फाटलेला असतो आणि सहावा कोरा करकरीत कपाटात पडून राहतो. वाचकाने करायचं काय? मी म्हणेन, सहाव्यापासून सुरू करावं. चांगल्या मालिकेचा लेखक हे धरूनच लिहितो, पोथीकार धरत होता तसंच. जत्रेलाही सगळे कुठे पहिल्या नमनापासून हजर असतात? कुणी पालखीबरोबर येतो, कुणी जेवण उरकून, कुणाला शेवटची एसटी चुकल्यामुळे घाटाखालून चालत यावं लागतं. तो अंधारात चपला काढतो, गर्दीतून वाट काढत ओळखीच्या माणसाशेजारी टेकतो आणि हळूच विचारतो, "संकासूर इलो काय रे?"

"नाय अजून. बस."